402 मीटरची धाव आणि वळण, दोन्ही एकाच सस्पेन्शनवर

नाशिकरोडच्या एका तरुणाने विचारलं आहे. त्याच्याकडे पोलो 1.0 टीएसआय आहे, सहा गिअरची मॅन्युअल, रीमॅप केलेली (म्हणजे इंजिनाचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवलेली). वर्षातून एक-दोनदा धावपट्टीवरच्या 402 मीटरच्या सरळ शर्यतीत, म्हणजे ड्रॅगमध्ये उतरायचं, जमेल तेव्हा कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर ट्रॅक डे करायचा आणि रोज त्याच गाडीने कामावर जायचं, असा त्याचा बेत आहे. एका दुकानदाराने सांगितलं, 40 मिलिमीटर खाली बसवणारे स्प्रिंग टाका, दोन्ही कामं होतील. दुसरा म्हणाला, मागचे शॉकअप दगडासारखे करा म्हणजे लाँचला, शर्यतीत गाडी सुटताना, ती मागे बसणार नाही. तिसऱ्याने सांगून टाकलं की एका गाडीत दोन्ही जमतच नाही.

मी 22 वर्षं अंबडला सस्पेन्शनचंच काम करतोय, आणि माझ्या मते हे तिन्ही सल्ले अर्धवट आहेत. दोन्ही जमतं, फक्त क्रम सांभाळावा लागतो. आधी गाडी वळणासाठी बसवायची. लाँचसाठी लागणारे बदल मग असे ठेवायचे की जॅक, पाना आणि हवेचं गेज एवढ्यावर धावपट्टीच्या कडेला वीस मिनिटांत होतील आणि वीस मिनिटांत परत फिरवता येतील. हा क्रम मी का धरतो ते समजायला थोडं गणित करू.

गाडी 1100 किलोच्या आसपास, चालवणारा धरून 1175. व्हीलबेस 2.47 मीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण 55 सेंटिमीटर धरू. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी रस्त्याच्या चांगल्या टायरवर सुटताना फार तर 0.4 ते 0.45 जी एवढंच त्वरण घेते (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण). 0.4 धरलं तर पुढून मागे सरकणारं वजन येतं 1175 गुणिले 0.4 गुणिले 0.55, भागिले 2.47, म्हणजे 105 किलो. उभ्या गाडीत पुढच्या दोन चाकांवर 730 किलो असतात, सुटताना 625 उरतात. ज्या चाकांनी गाडी ओढायची, नेमकी तीच हलकी होतात.

आता या हिशोबात स्प्रिंग कुठे आहे? शॉकअप कुठे आहे? नाहीत. स्प्रिंग कितीही कडक केला तरी 105 किलो जाणारच. गाडी मागे बसलेली दिसणार नाही, एवढाच फरक. बसणं आणि वजन सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे निम्मा पैसा या गैरसमजात जातो. गाडी 25 मिलिमीटर खाली केली की गुरुत्वमध्य तेवढाच खाली येतो. पुन्हा हिशोब करा: 105 चे 100 किलो होतात. एवढा खटाटोप करून पुढच्या चाकांवर पाच किलो वाचले. त्यापेक्षा डिकीतलं स्टेपनी आणि जॅक शर्यतीपुरता काढून ठेवा. ते वजन मागच्या चाकांच्याही मागे असतं, म्हणून काढल्यावर पुढच्या चाकांचा वाटा वाढतो. खर्च शून्य.

वळणाचा हिशोब करून बघा. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण 1.46 मीटर. गाडी 0.8 जीने वळतेय असं धरलं तर आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला 350 किलोच्या वर वजन जातं. लाँचच्या तिप्पटीहून जास्त. शिवाय ते पुढे किती आणि मागे किती वाटलं जाईल, हे मात्र पूर्णपणे स्प्रिंग, अँटिरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारी दांडी) आणि रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) यांच्या हातात. सस्पेन्शनचं खरं कसब वळणात लागतं आणि चुकलं तर किंमतही तिथेच मोजावी लागते. लाँच चुकला तर अर्धा सेकंद जातो. वळण चुकलं तर काय होतं ते कसारा घाट उतरणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

गाडी किती खाली करायची, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात.

गाडी सपाट जागी उभी करा, पुढचं चाक सरळ ठेवा आणि समोरून जमिनीलगत वाकून लोअर आर्मकडे बघा. त्याचा एक टोक सबफ्रेमला बुशवर बसलेला असतो, दुसरा टोक चाकाकडे बॉल जॉइंटवर. कंपनीच्या उंचीवर चाकाकडचा टोक थोडा खाली असतो, आर्म बाहेरच्या बाजूला किंचित उतरता. गाडी खाली केली की आर्म आडवा होत जातो. आणखी खाली केली की बॉल जॉइंट आतल्या टोकापेक्षा वर जातो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये, या आर्मच्या कोनावर रोल सेंटर ठरतो, आणि तो गाडीपेक्षा कितीतरी वेगाने खाली जातो. गाडी एक इंच उतरली तर तो दोन इंच किंवा त्याहूनही जास्त उतरतो. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं अंतर म्हणजे गाडीला कलवणारी तरफ. गाडी खाली केली आणि ही तरफ लांबली, तर तोच स्प्रिंग असताना गाडी आधीपेक्षा जास्त कलते. लोक म्हणतात, इतकी खाली केली तरी वळणात लोळते कशी? ती लोळते ते खाली केल्यामुळेच.

त्याबरोबर टाय रॉडचा कोनही बिघडतो. मग खड्ड्यात चाक वर-खाली झालं की ते आपोआप थोडं वळतं. त्र्यंबक रोडवर पावसाळ्यानंतर अशी गाडी हातात धरून ठेवावी लागते.

म्हणून माझी मर्यादा ठरलेली आहे. आर्म आडवा होईपर्यंत खाली, त्याच्या पुढे नाही. पोलोत हे साधारण 20 ते 25 मिलिमीटर येतं. 40 मिलिमीटरवाला सल्ला तुमच्या दोन्ही कामांच्या आड येणारा आहे. त्याहून खाली करायचीच असेल तर रोल सेंटर वर उचलणारे लांब दांड्याचे बॉल जॉइंट घालावे लागतात आणि टाय रॉडचीही तशीच दुरुस्ती करावी लागते. रोजच्या गाडीला मी ते करत नाही.

स्प्रिंग कापण्याचा विषय इथेच संपवतो. कामाची सहा वेटोळी असलेल्या स्प्रिंगचं एक कापलं तर उरलेला स्प्रिंग 20 टक्के कडक होतो, चाकाची वरची हालचाल कमी होते आणि शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या मापाचा राहतो. गॅसने तापवून बसवलेला स्प्रिंग तर त्याहून वाईट, कारण पोलादाचं पाणीच उतरतं. असे स्प्रिंग माझ्याकडे दोन तुकड्यांत आलेले आहेत. ते काम मी करत नाही.

स्प्रिंग किती कडक हवा, हे ठरवायला मी गाडीची नैसर्गिक झुलण्याची गती बघतो. घरगुती गाडी सेकंदाला सव्वा ते दीड वेळा झुलते. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही करणाऱ्या गाडीला पुढे 1.8 आणि मागे 2 च्या आसपास धरा. मागचा आकडा थोडा जास्त ठेवायचा, कारण उंचवटा पुढच्या चाकाला आधी लागतो आणि मागच्या टोकाने झुलण्यात पुढच्याला गाठायचं असतं. तुमच्या पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगवर पेललेलं वजन साधारण 330 किलो. त्याला 1.8 साठी चाकापाशी 42 न्यूटन प्रति मिलिमीटर लागतात. दुकानाच्या भाषेत पुढे साडेचार ते पाच किलोचा स्प्रिंग, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला तेवढे किलो लागणारा. बाजारात बरेच कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे एकत्र संच, सात-आठ किलोच्या स्प्रिंगसह येतात. ते गुळगुळीत ट्रॅकसाठी आणि चिकट टायरसाठी ठीक. आपल्या रस्त्यावर तो स्प्रिंग टायरला जमिनीवर राहू देत नाही, आणि हवेतला टायर ना ओढतो ना वळवतो.

माझ्या मते स्प्रिंगपेक्षा शॉकअपवर पैसे घाला. वजन किती सरकणार हे स्प्रिंग-शॉकअपच्या हातात नाही, पण किती वेगाने सरकणार हे शॉकअपच्या हातात आहे, आणि लाँचचा पहिला अर्धा सेकंद म्हणजे फक्त वेगाचाच खेळ. क्लच सुटला की नाक वर जातं, म्हणजे पुढचे शॉकअप उघडतात. रिबाउंड, म्हणजे शॉकअपचा उघडतानाचा विरोध, फार घट्ट असेल तर वर निघालेली बॉडी चाकालाच वर खेचते आणि पकड एका क्षणात जाते. रिबाउंड फार सैल असेल तर नाक वर जाऊन पुन्हा खाली डोलतं, पकड येते-जाते आणि चाक लयीत घसरायला लागतं. उत्तर मध्ये कुठेतरी असतं, आणि ते गाडीगणिक वेगळं. मी सुरुवात वळणासाठी जमलेल्या क्लिकवरून (शॉकअपच्या नॉबच्या पायरीवरून) करतो, पुढचा रिबाउंड दोन क्लिक सैल करतो, मागचे शॉकअप दोन-तीन क्लिक घट्ट करतो, आणि मग एका धावेला एकच बदल. दोन बदल एकदम केले की कशाने फरक पडला ते कळत नाही. एक लक्षात ठेवा: एकाच नॉबचे शॉकअप बहुतेक रिबाउंडच बदलतात, दाबाची बाजू थोडीच. दोन नॉबवाले मिळाले तर उत्तम, पण चांगल्या कंपनीचा एक नॉबवाला स्वस्त दोन नॉबवाल्यापेक्षा केव्हाही बरा.

आता एक गोष्ट जी दुकानात कुणी सांगत नाही. चाक वर जायला जागा लागते तशी खाली यायलाही लागते. सस्पेन्शन पूर्ण उघडलं की शॉकअपचा दांडा आतल्या बाजूला टेकतो आणि त्यानंतर बॉडी वर गेली तर चाकाला घेऊनच जाते. दोन वर्षांपूर्वी एक गाडी माझ्याकडे आली. बाहेरगावी कॉइलओव्हर बसवलेले, दिसायला सुंदर. तक्रार अशी की लाँचला चाक फिरतच राहतं, टायर बदलले तरी फिरतं. मी गाडी लिफ्टवर घेतली तर चाक उभ्या स्थितीतून जेमतेम 20 मिलिमीटर खाली आलं आणि थांबलं. उंची वाढवायला बसवणाऱ्याने स्प्रिंगची रिंगच इतकी फिरवली होती की स्प्रिंग आधीच दाबून बसला होता आणि दांडा जवळजवळ पूर्ण उघडा. सुटताना नाक दोन बोटं वर गेलं की दोन्ही चाकं लटकायची. त्या गाडीला मी नवा एकही भाग घातला नाही. रिंग सैल केली, खालच्या ब्रॅकेटवर फिरवून उंची 18 मिलिमीटर वाढवली, एवढंच. चाक फिरायचं थांबलं, आणि वळणातून बाहेर पडताना आतलं चाक सुटायचं तेही थांबलं. लाँच आणि वळण या दोन्हींची गरज एकच निघते, ती अशी ठिकठिकाणी.

हा धडा मला खरं तर रॅलीने शिकवला. नाशिकला राष्ट्रीय रॅली स्पर्धेची फेरी व्हायची, तेव्हा मातीवर धावणाऱ्या गाड्यांचे शॉकअप मी जवळून बघत असे. त्यांची खाली येण्याची जागा बघून पहिल्यांदा नवल वाटलं होतं. आता कळतं की पकड तिथेच राखलेली असते. तुमच्या गाडीला उभ्या स्थितीतून खाली किमान 50 मिलिमीटर ठेवा.

शॉकअप किती दाबला जातो हे मोजायलाही यंत्र नको. पुढचा डस्ट बूट वर सरकवा, शॉकअपच्या चकचकीत दांड्याला बारीक केबल टाय बांधा, हाताने सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतका घट्ट, आणि तो शॉकअपच्या तोंडाला टेकवून ठेवा. चक्कर मारून या. टाय जिथे सरकून थांबला असेल तिथपर्यंत शॉकअप दाबला गेला. तो बंप स्टॉपला (शेवटी धक्का झेलणाऱ्या रबराला) भिडला असेल तर स्प्रिंग नरम आहे किंवा गाडी फार खाली आहे. मी प्रत्येक गाडीला पाथर्डी फाट्याकडे जाऊन येताना हेच करतो आणि आकडा वहीत लिहितो.

चाक हबकणं, म्हणजे लाँचला पुढून धडधडधड असा आवाज येऊन सगळी गाडी हादरणं, हा शॉकअपचा दोष समजून लोक शॉकअप बदलतात. बहुतेक वेळा दोष असतो लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये आणि इंजिनच्या खालच्या माउंटमध्ये, ज्याला आपण डॉगबोन म्हणतो. टायर पकडतो, बुश दबतो, आर्म मागे-पुढे होतो, टायर सुटतो, आर्म परत येतो, पुन्हा पकडतो. सेकंदात कितीतरी वेळा. ड्राइव्ह शाफ्ट आणि सीव्ही जॉइंट तुटतात ते याच वेळी, म्हणून धडधड ऐकू आली की तिथल्या तिथे पाय काढा. डॉगबोनमध्ये पॉलियुरेथेनचा तुकडा आणि आर्मला कडक बुश घातला की हे बरंच थांबतं, स्टिअरिंगही नेमकं होतं. तुमचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे, त्यामुळे सिग्नलला उभं असताना थरथर सीटपर्यंत येईल. घरची मंडळी त्याच गाडीत बसत असतील तर डॉगबोनला मध्यम कडकपणाचा तुकडा घ्या.

अलाइनमेंटमध्ये ओढाताण आहे, पण वाटते तेवढी नाही. ड्रॅगला टायर सपाट बसावा म्हणून कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, शून्याजवळ हवा आणि वळणाला आतल्या बाजूला अडीच-तीन अंश कललेला हवा. पण मॅकफर्सनमध्ये नाक वर गेलं की चाकाचा आतला कल थोडा आपोआप कमी होतो. म्हणून उभ्या गाडीत उणे दीड ते उणे दोन अंश ठेवले तर लाँचला फारसं नुकसान होत नाही आणि वळणाला बराच फायदा होतो. वरच्या कॅम्बर प्लेट लावल्या तर दोन खुणा करून ठेवता येतात, पण कॅम्बर बदलला की टो, म्हणजे वरून बघताना चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, पण बदलतो, तेव्हा धावपट्टीवर ते उद्योग नकोत. टोचं म्हणाल तर, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी जोर लावला की पुढची चाकं आत खेचते. म्हणून उभ्या गाडीत शून्य किंवा एकूण एक मिलिमीटर बाहेर ठेवा, जोरावर ती सरळ येतात. वळणात शिरायलाही गाडी चटपटीत होते.

कंप्युटर अलाइनमेंटवर माझा विश्वास आहे, पण पडताळा मी गवंड्याच्या दोऱ्याने करतो. चार जॅक स्टँड, गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर ताणलेले दोन समांतर दोरे, आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून पोलादी पट्टीने मोजमाप. जमीन सपाट आहे का ते बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी, तीही गवंड्याचीच. ड्रायव्हरच्या सीटवर मी टोमॅटोचे भरलेले चार क्रेट ठेवतो, 20 किलोचा एक, कारण आपल्या भागात ते केव्हाही मिळतात आणि वजन पक्कं असतं. चालवणारा नसताना केलेलं अलाइनमेंट चालवणाऱ्याच्या काय कामाचं? कॉइलओव्हर असतील तर त्याच वजनावर तिरकस वजनाचा मेळही बसवून घ्या. पुढचं उजवं अधिक मागचं डावं, हे एकूण वजनाच्या निम्मं आलं पाहिजे. तसं नसेल तर गाडी डावीकडे एक वागते आणि उजवीकडे दुसरं, आणि दाबून ब्रेक मारला की एकीकडे ओढते.

अँटिरोल बार पुढे जाड करू नका. पुढे जाड बार म्हणजे वळणातून बाहेर पडताना आतलं पुढचं चाक उचललं जाणार आणि तेच फिरणार. जाड करायचा तो मागे. तुमच्या मागच्या टॉर्शन बीमला (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईला) बोल्टने बसणारा बार मिळतो. तो घातला की मागचं आतलं चाक वळणात कदाचित हवेत जाईल. घाबरू नका, ओढणारी चाकं पुढे आहेत. इंजिन आडवं असल्यामुळे लाँचला गाडी एका बाजूला कलत नाही, म्हणून या बारचा ड्रॅगवर परिणाम जवळजवळ नाही. मात्र ओल्या रस्त्यावर वळणात मध्येच अॅक्सिलरेटर सोडला तर शेपूट लवकर बाहेर येईल. आषाढातल्या पहिल्या पावसात हे अंगवळणी पडेपर्यंत सांभाळा.

दोन्ही कामांना एकाच वेळी मदत करणारा एकच भाग मला माहीत आहे, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणारा. सरळ रेषेत दोन्ही चाकं ओढतात, वळणात बाहेरचं चाक ओढून नाक आत आणतं. गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून खर्च मोठा. क्लच बदलायची वेळ आली की तेव्हाच करा. त्याआधी मात्र टायर. दोनशे घोडे असोत की शंभर, ते चार तळहातांएवढ्या रबरातूनच जमिनीवर उतरतात.

टायरची हवा हीच तुमची खरी ड्रॅग सेटिंग आहे. शर्यतीला पुढे 26 पीएसआयपासून सुरू करा आणि एकेक उतरवत 24 पर्यंत या. बाजू पातळ असलेल्या रेडियलमध्ये याहून खाली गेलात तर टायरचा मधला भाग उचलला जाऊन दोन कडांवरच गाडी उभी राहते, आणि 402 मीटरच्या शेवटी गाडी भरधाव असताना ते धोक्याचं. मागे 38 भरा, गाडी हलकी लोळते. ट्रॅकवर उलट: गरम झाल्यावर चारही 34 ते 35 च्या दरम्यान यायला हवेत, म्हणून टायर गार असताना 28-29 वर सुरुवात. दर 10 अंश तापमानाला दीड पीएसआयच्या आसपास फरक पडतो. डिसेंबरात निफाडच्या पहाटे 8 अंशांना भरलेली हवा आणि दुपारी उन्हात तापलेल्या धावपट्टीवरची हवा एक नसते. गेज चांगलं घ्या आणि कायम तेच वापरा, पेट्रोल पंपावरच्या मीटरवर विसंबू नका.

ज्यांच्या गाड्या मागच्या चाकांवर चालतात त्यांच्यासाठी वरचं निम्मं उलटं होतं. ते 105 किलो त्यांच्या ओढणाऱ्या चाकांवर जाऊन बसतात, म्हणून त्यांना नाक उठलेलं हवंच असतं. निव्वळ ड्रॅगच्या गाड्यांत पुढे 90/10 शॉकअप घालतात: उघडायला अगदी सैल, दबायला घट्ट. नाक झटकन उठतं आणि उठलेलंच राहतं. काही जण पुढचा अँटिरोल बारही सोडून ठेवतात. हे दोन्ही वळणात जीवघेणं आहे, कारण वर उठणारं नाक शॉकअप आवरतच नाही आणि बार सोडला की गाडी जास्त कलते. तुम्ही कुणाचा असा व्हिडिओ बघून पोलोला ते लावू नका. मागे पाटे असलेल्या गाडीची अडचण आणखी निराळी: जोर लावला की एक्सल स्वतःभोवती फिरू बघतो आणि पाटे इंग्रजी एससारखे पिळवटतात. बोलेरो चढावर चिखलात अडकून मागून धडधडते तेव्हा हेच चाललेलं असतं. त्याला एक्सलपासून चासीपर्यंत एक टॉर्क आर्म हाच चांगला इलाज.

शर्यत म्हणजे मी एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटर स्पोर्ट्सच्या महासंघाच्या) परवानगीने बंद जागेत होणारी शर्यतच म्हणतोय. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. गंगापूर रोडला रात्री जे चालतं त्यासाठी मी गाडी लावून देत नाही आणि विचारणाऱ्याला तोंडावर सांगतो. त्या रस्त्यावर कुणीतरी दूध घेऊन घरी चाललेलं असतं. बदल करण्याआधी कलम 52 आणि तुमच्या विम्याच्या अटीही बघून घ्या. कंपनीने दिलेल्या रचनेत काय बदलता येतं आणि काय नाही, हे आरटीओत विचारून घेतलेलं बरं.

धावपट्टीवर पोचल्यावर काय करायचं ते सांगतो. वहीत आधी दोन रकाने आखलेले असू द्या, एक वळणाचा, एक लाँचचा. उतरल्याबरोबर टायर गार असताना हवा मोजा. डिकी रिकामी करा, टाकीत पाव टाकी पेट्रोल पुरे. पुढचे-मागचे क्लिक लाँचच्या रकान्याप्रमाणे लावा. मोजताना नॉब आधी पूर्ण घट्ट करायचा आणि तिथून उलटं मोजायचं, नाहीतर कोणता क्लिक कुठला ते कळत नाही. पुढचे टायर चिकट आणि मागचे साधे असा जोड घालून आला असाल तर पुढच्या दोन चाकांचे मूळ रिमही बरोबर आणा. तो जोड घेऊन एकही वळण घ्यायचं नाही, कारण नाक पकडेल आणि शेपूट सुटेल.

पहिली धाव टायर कळण्यासाठी. धावेनंतर मिळणाऱ्या वेळेच्या स्लिपवर शेवटची वेळ बघू नका, पहिल्या 60 फुटांची बघा. सस्पेन्शनने काय केलं ते तिथेच कळतं, पुढचं सगळं इंजिन आणि गिअर. तीन धावांत 60 फुटांचा आकडा सारखा येत असेल तर गाडी लागली, मग एक क्लिक किंवा एक पीएसआय बदलून बघा. आकडा दर वेळी वेगळा येत असेल तर गाडीला हात लावू नका, आधी क्लच सोडायची तुमची सवय एकसारखी करा.

शेवटची धाव झाली की गाडी तिथेच जॅकवर घ्या. चारही चाकांत रस्त्याची हवा भरा, क्लिक वळणाच्या रकान्यावर आणा, स्टेपनी परत ठेवा, चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने 120 न्यूटन मीटरला तपासा. मागे 38 आणि पुढे 24 अशी हवा असलेली गाडी घेऊन दमलेल्या अवस्थेत रात्री घाट चढायचा नाही. रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण झाली की मगच किल्ली फिरवा.